चार बोटांची जागा

रेवती सबनीस पहिल्यांदा शेडमध्ये आल्या तेव्हा जावईबापू छताच्या आकड्याला लटकत होते. डोक्यात मधोमध बसवलेली लोखंडी कडी, कडीतून वर गेलेली साखळी, आणि साखळीला रबरी कातडीचा, पुरुषभर उंचीचा, पायांत बूट घातलेला पुतळा. तो स्वतःभोवती सावकाश फिरत होता. शेडची दारं बंद असली, पंखा बंद असला तरी तो तसा फिरायचा. साखळीचा पीळ, असं मी नव्या लोकांना सांगायचे, आणि स्वतः मात्र त्याच्याकडे पाठ करून कधी बसायचे नाही.

त्यांना आधी ऑफिसात बसवायचं, चहा द्यायचा आणि पुतळा आसनात नीट बसल्यावरच आत आणायचं, असं आमचं ठरलं होतं. पण बाई फाटकापासून थेट चालत आल्या. मी धावत पुढे झाले.

"त्याच्या मापाचा हाच ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? उंची, वजन, मांडीची लांबी, बसल्यावर डोक्यापर्यंतची उंची, सगळं मीच त्यांच्या नवऱ्याच्या वैद्यकीय नोंदीवरून या पुतळ्यात उतरवलं होतं. कंबरेत वजनाच्या पट्ट्या घातल्या होत्या, मानेत एक चकती वाढवली होती. चेहरा तेवढा नव्हता. नाकाच्या जागी एक उंचवटा आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे. बाई त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि तो फिरत फिरत त्यांच्याकडे वळला तेव्हा मला उगाचच वाटलं, आता हा थांबणार. थांबला नाही.

सोलापूरच्या पुढे एका ओसाड माळावर आमचं केंद्र होतं. विमानाच्या आसनांची चाचणी घेणं हे आमचं काम. साधी आसनं नव्हेत. लढाऊ विमान हाताबाहेर गेलं की वैमानिक एक मूठ ओढतो, आणि त्याला बुडाखालच्या आसनासकट आकाशात फेकलं जातं, ती आसनं. मूठ ओढणं एवढंच त्याचं काम. मग डोक्यावरची काच उडते, पट्टे खांदे मागे खेचतात, दोऱ्या पाय जवळ ओढतात, आसनाखालचा दारूचा बार त्याला वर फेकतो. वर गेल्यावर छोटी छत्री आसन सरळ करते, पट्टे आपले आपण सुटतात, आसन खाली गळून पडतं आणि मोठी छत्री उघडते. आमचे प्रमुख ओगले साहेब म्हणायचे, आपण आसन बेशुद्ध माणसासाठी बनवतो. मूठ ओढल्यानंतर माणूस जिवंत आहे असंही धरून चालायचं नाही. नोकरी लागल्यावर हे वाक्य ऐकून मला मोठं कौतुक वाटलं होतं. पुढे ते ऐकलं की अंगावर काटा यायचा.

माळावर एक लांबलचक रूळ टाकलेला होता. त्यावर विमानाच्या नाकाचा तुकडा, आत आसन, आसनात पुतळा, मागे रॉकेट. पुतळ्याला जावईबापू हे नाव हनमंतनानांनी दिलं होतं. कपडे आपण घालायचे, बसवायचं आपण, पट्टे आपण आवळायचे, आणि एवढे लाड करून स्वारी तोंडातून शब्द काढायची नाही. नाना हवाई दलातून निवृत्त झालेले. तिथे त्यांनी आयुष्यभर जिवंत वैमानिकांना आसनात बांधलं होतं. बांधताना प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलायची, म्हणजे काही सुटत नाही, ही त्यांची जुनी सवय. शेवटी आसनाच्या बारांना अडवून ठेवणाऱ्या लाल फितींच्या पिना काढून वैमानिकाच्या डोळ्यांपुढे धरायच्या. त्यानं त्या बघायच्या आणि मान डोलवायची. मानेची खूण मिळाल्याशिवाय शिडीवरून उतरायचं नाही.

नाना पुतळ्यालाही तसंच बांधायचे. "डावा पट्टा. उजवा पट्टा. पायाच्या दोऱ्या. पिना निघाल्या बगा, पाव्हणं. तयार?" असं म्हणून त्या पिना दोन खळग्यांपुढे धरायचे आणि थांबायचे. उत्तर येणार नाही हे ठाऊक असून थांबायचे. मग आपणच मान डोलवून उतरायचे. त्या थांबण्यात माळावर इतकी शांतता पसरायची की टिटवीसुद्धा ओरडायची विसरत असावी. मला ती दोन-चार क्षणांची शांतता मनापासून नकोशी व्हायची.

रेवतीबाईंचा नवरा विद्याधर सबनीस हवाई दलात स्क्वाड्रन लीडर होता. उतरायच्या बेतात असताना त्याच्या विमानाचं इंजिन बंद पडलं. त्यानं मूठ ओढली. काच उडाली, आसन उडालं, छत्री उघडली, आणि तो एका गावतळ्याच्या कडेला गुडघाभर पाण्यात अलगद उतरला. तिथे तो बुडून मेला. गुडघाभर पाण्यात. गुरं राखणाऱ्या दोन बायकांनी त्याला लांबून पाहिलं होतं. पाण्यात बसला होता, त्या म्हणाल्या, आणि काहीतरी हरवल्यासारखा खाली वाकून पाण्यात बघत होता. त्या पोचेपर्यंत तो तसाच बघत होता.

त्याचा पाठीचा कणा मोडला होता. उठता येत नव्हतं, मान उचलता येत नव्हती. इथपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं. पण कणा का मोडला, याची दोनच उत्तरं चौकशी मंडळापुढे होती. एक, आमच्या आसनाचा धक्का जास्त होता. दोन, तो सरळ बसला नव्हता. वैमानिकाला शिकवलेलं असतं की मूठ ओढताना पाठ ताठ हवी, डोकं मागे टेकलेलं हवं. घाबरलेला माणूस अंग चोरतो, वाकतो. पट्टे खांदे मागे ओढतात, पण कंबर कोण ओढणार? त्यात सापडलेलं आसन अगदी तळाच्या उंचीवर होतं. आसन वरखाली करायची सोय असते आणि बहुतेक जण ते वर घेतात, समोरचं दिसावं म्हणून. सबनीस खाली दडून बसला होता, असं कुणीतरी बोललं आणि ते पसरत गेलं. ते पसरायला आम्हीही हातभार लावला, कारण पहिलं उत्तर आमच्या अंगाशी येणार होतं.

बाईंनी परवानगी मागून मागून मिळवली होती. ऑफिसात चहा तसाच ठेवून त्या ओगले साहेबांना म्हणाल्या, "माझी मुलगी पाचवीत आहे. वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलं, तुझे बाबा घाबरले म्हणून मेले. तिनं मला विचारलं, खरं का? मी अजून उत्तर दिलेलं नाही. खरं असेल तर तसं सांगेन, पण मला स्वतःला कळल्याशिवाय नाही सांगणार."

साहेबांनी मान खाली घातली. मग ते कामाच्या सुरात म्हणाले, "आज कळेल, मिसेस सबनीस."

पुतळा बांधून झाला. अंगात विद्याधरच्याच मापाचा हिरवा पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, त्याची काळी काच खाली ओढलेली. काच खाली आली की तो पुतळा राहायचा नाही. चेहरा झाकलेल्या माणसाला निदान चेहरा आहे असं तरी वाटतं. बाईंनी शिडीवर चढू का म्हणून विचारलं. नानांनी हात दिला. त्या वर गेल्या, थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या, आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. नानांना विमानाची वरची काच मिटायला सांगितली, ती पुरती मिटायच्या आत शिरस्त्राण आणि काच यांच्या फटीत हात घातला आणि आत मूठ वळली.

"हा खाली बसलाय," त्या म्हणाल्या.

मी कागद चाळले. माप बरोबर होतं. आसन जिथे सापडलं त्याच उंचीवर होतं. मी तसं सांगितलं.

"हवाई दलानं घरच्यांना विमानं बघायला बोलावलं होतं, त्या दिवशी त्यानं मला असंच शिडीवर चढवलं होतं. म्हणाला, बघ किती जागा आहे मला. मी हात घातला तर चार बोटं मावली, तीही नुसती सपाट धरून. मूठ वळायला गेले तर वळेना. आम्ही हसलो होतो." त्यांनी हात बाहेर काढला आणि आपल्या बोटांकडे पाहिलं. "हा त्याच्यापेक्षा खाली बसलाय."

साहेब खालून म्हणाले की त्या दिवशी आसन वर घेतलेलं असेल. त्या उतरल्या, नानांनी पिना काढून धरल्या, विचारलं, थांबले, आणि स्वतःच मान डोलवून उतरले.

चाचणी उत्तम झाली. रूळ गरजला, नाकाचा तुकडा आमच्यासमोरून गेला, काच उडाली, आसन सरळ वर चढलं, छत्री उमलली आणि जावईबापू खडकाळ जमिनीवर पाय टेकून मग आडवे झाले. पुतळ्याच्या कण्यात बसवलेल्या यंत्रावर धक्क्याचा आकडा मर्यादेच्या बराच आत होता. आसन निर्दोष होतं. एरवी आम्ही टाळ्या वाजवतो. त्या दिवशी कुणाचे हात उठले नाहीत, कारण आसन निर्दोष म्हणजे विद्याधर घाबरला होता. बाईंनाही ते कळलं होतं.

साहेब फोनवर गेले. मी बाईंना घेऊन शेडमध्ये थांबले. तिथे एक सुटं आसन ठेवलेलं होतं. त्या त्यावर बसल्या, आणि मला ते बघवेना म्हणून मी काहीतरी बोलायला लागले.

"किती कडक आहे हो हे," त्या म्हणाल्या. "दगडावर बसल्यासारखं. तासन्‌तास यावर बसतात, आणि तुम्ही लोक एक गादी नाही घालत?"

आता हे माझं आवडतं व्याख्यान. नव्या माणसांना मी ते दरवर्षी द्यायचे. मी उत्साहानं सांगू लागले की मुद्दामच नाही घालत. बार उडाला की आसन आणि माणूस एकदम, एकाच वेगानं वर निघायला हवेत. मध्ये मऊ काही असलं तर आधी आसन एकटंच वर येतं, गादी चेपत, वेग घेत, आणि माणूस अजून जागच्या जागीच असतो. मग गादी संपते आणि ते धावून आलेलं आसन त्याला खालून धडकतं. बंद पडलेली जीप सैल दोरानं ओढली तर दोर ताणला जाताना कसा हिसका बसतो, तसं. पाठीला आराम म्हणून घातलेली गादीच पाठ मोडते, असं मी म्हणाले. या वाक्यावर नवी मुलं नेहमी हसायची.

बाई हसल्या नाहीत. त्या इतक्या निश्चल झाल्या की माझी नजर नकळत आकड्याकडे गेली. आकडा रिकामा होता. पुतळा अजून माळावरून यायचा होता.

"किती जाड?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"किती जाड गादीनं असं होतं?"

त्यांचा हात मांडीवर होता. चार बोटं जुळवलेली, सपाट, आणि अंगठा त्यांच्याखाली घेऊन त्या काहीतरी मोजत होत्या. मूठ आणि चार बोटं यांच्यातला फरक. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

"त्याची कंबर दुखायची," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजच्यासारखा होता. "बसून बसून. मी शिवून दिली. आत फोम, वर माझ्या जुन्या सुती साडीच्या घड्या, त्यावर हिरवं कापड, म्हणजे कुणाच्या डोळ्यांत येऊ नये. शिरस्त्राणाच्या पिशवीतून न्यायचा. म्हणायचा, तुझ्यामुळे माझी दुपार सुखात जाते. त्याला माहीत नव्हतं का हे?"

माहीत असणारच. सगळ्यांना शिकवतात. पण उडी मारायची वेळ आपल्यावर येईल असं रोज सकाळी कोण धरून चालतं? कंबर मात्र रोज दुखते. आसन तळाला का होतं तेही आता उघड होतं. खाली गादी होती, म्हणून त्यानं आसन उतरवलं होतं. दडायला नव्हे. माणूस आसनातून सुटल्यावर मधली गादी कुठल्या शेतात जाऊन पडली, कुणी शोधायचं? शोधायला ती आहे हे तरी माहीत हवं. ज्यांनी त्याला रोज बांधलं त्यांना माहीत असेल. त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि का नाही ते दारात येऊन उभ्या राहिलेल्या नानांचा पडलेला चेहरा बघून मला कळलं. असल्या गाद्या नानांनीही पाहून न पाहिल्यासारख्या केल्या होत्या.

ओगले साहेब कठोर माणूस, पण त्यांनी सगळं ऐकल्यावर खुर्ची बाईंच्या जवळ ओढून घेतली. म्हणाले की हे कुठेच बोलायची गरज नाही. कारण निश्चित करता येत नाही, असं आम्ही लिहू. त्याच्यावरही ठपका नाही, तुमच्यावरही नाही.

"आणि वर्गातली मुलं?"

साहेब समोरचे कागद सरळ करू लागले.

"तशीच गादी घालून परत उडवा," रेवतीबाई म्हणाल्या. "मी करून आणते. तुमच्या शिंप्याला ती जमायची नाही. तो घाबरला नव्हता, एवढं लिहा. बाकीचं माझं मी बघेन."

तिसऱ्या दिवशी त्या ती घेऊन आल्या. हिरवं कापड, चारी बाजूंनी बारीक धावदोरा, कोपरे दुमडून आत घेतलेले. मी ती हातात घेतली. इतकी मऊ आणि इतकी नीटस होती की मी ती लगेच परत दिली. साहेबांनी नाही म्हणायच्या आत बाईंनी ती स्वतःच्या हातानं आसनावर ठेवली आणि तळहातानं तिच्यावरची सुरकुती काढली. मग पुतळा बसवला. आता फटीत चार बोटंच मावत होती. त्यांनी पुन्हा हात घालून पाहिला नाही. मी पाहिला.

नानांनी बांधायला घेतलं. त्या दिवशी त्यांचा आवाज खाली होता. "डावा पट्टा. उजवा पट्टा. पायाच्या दोऱ्या." बाई शिडीच्या पायथ्याशी उभ्या होत्या, मी त्यांच्याशेजारी. वारा पडला होता. नानांनी पिना काढल्या, काळ्या काचेपुढे धरल्या. लाल फिती सरळ खाली लोंबत होत्या.

"पिना निघाल्या, पाव्हणं. तयार?"

आणि थांबले.

शिरस्त्राण हललं. सावकाश, अगदी सावकाश ते पुढे झुकलं आणि तिथेच स्थिर झालं. नानांचा हात हवेत राहिला. पिना एकमेकींवर वाजल्या. आयुष्यभर शेकडो वैमानिकांकडून घेतलेली खूण त्यांना मिळाली होती, आणि ती घेऊन काय करायचं ते त्यांना सुचेना. मी शिडीचा दांडा धरून उभी होते. बाई वर बघत होत्या, जशी माणसं गाडी सुटताना खिडकीकडे बघतात.

नाना उतरले. त्या दिवशी त्यांनी स्वतः मान डोलवली नाही.

पुढचं सगळं मागच्यासारखंच घडलं. रूळ गरजला, काच उडाली, आसन वर गेलं, छत्री उघडली. बाहेरून बघणाऱ्याला काडीचा फरक दिसला नसता. पण कण्यातल्या यंत्राचा काटा मर्यादेच्या पार जाऊन अडकून बसला होता. जावईबापू खाली आले ते बसले, आणि बसले ते कमरेत मोडून पुढे वाकले. माळावर एक वीतभर डबकंही नव्हतं, कोरडा फुफाटा होता, आणि तो त्या फुफाट्यात वाकून काहीतरी हरवल्यासारखा बघत होता.

आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. चालत गेल्या त्या रेवतीबाई. त्यांनी त्याच्यामागे गुडघे टेकले, दोन्ही काखांत हात घातले आणि ते भलंमोठं धूड जमेल तसं मागे ओढून सरळ केलं. शिरस्त्राणाला लागलेली माती पदरानं पुसली. मी पोचले तेव्हा त्यांनी मला आकडा विचारला नाही.

"सरळ बसला होता ना?"

"हो," मी म्हटलं. "अगदी शेवटपर्यंत."

अहवालात तेच लिहिलं गेलं. वैमानिकाची बसण्याची पद्धत योग्य होती, निर्णय वेळेवर होता, आणि आसनावर नियमाबाहेरची गादी होती. ती कुणी शिवली ते मंडळानं विचारलं नाही. बाईंनी मुलीला काय सांगितलं ते मला माहीत नाही. आम्ही मात्र पुढे दोन वर्षं खपून आसनावर घालायची एक बैठक तयार केली. हळू बसलं तर अंगाला जरा मऊ लागणारी, एकदम धक्का आला तर दगडासारखी कडक होणारी. आता ती प्रत्येक आसनावर असते. वैमानिक तिला नावं ठेवतात, पण तिच्यावर बसतात. तिच्यासाठी माझा सत्कार झाला तेव्हा हारतुरे घेताना माझ्या डोळ्यांपुढे हिरव्या कापडावरचा धावदोरा होता.

त्या दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मी बाईंना गाडीपर्यंत सोडायला गेले. शिवलेली दुसरी गादी आम्हाला सापडली नव्हती. आडोसा नसलेला माळ, तरी सापडली नव्हती. त्यांनी ती मागितलीही नाही. दार लावून घेतल्यावर त्यांनी काच खाली केली.

"कुमठेकर, एक विचारू? नानांनी विचारलं तेव्हा त्यानं मान डोलावली ना? की मलाच तसं वाटलं?"

मला उत्तर माहीत होतं. फोम वजनाखाली एकदम बसत नाही. त्यातली हवा सावकाश निघते, गादी पुढच्या बाजूनं आधी चेपते, आणि वर बसलेल्याचा तोल अंमळ पुढे जातो. नाना थांबले तेवढा वेळ त्याला पुरेसा होता. हे मी पुतळा न बघताही कागदावर मांडून दाखवलं असतं. दोनच दिवसांपूर्वी असंच एक उत्तर मी त्यांना हौसेनं, उदाहरणासकट दिलं होतं.

"डोलावली," मी म्हटलं. "मी पाहिलं."